रोज सव्वा वाजता

ताईने अंगठ्याला चिकटलेलं गुलाबी मेण एप्रनला पुसलं, खणात तळाशी ठेवलेला टॅब बाहेर काढला आणि तो मांडीवर घेऊन ती दाराकडे पाठ करून बसली. समोर टेबलावर एक कवळी अर्धी लागली होती. वरचे सहा दात मेणात बसले होते, बाकीचे पट्टीवर ओळीने आपली पाळी येण्याची वाट बघत होते. जेवणाची सुट्टी नुकतीच सुरू झाली होती. मालक दवाखान्यांतून दातांचे नवे ठसे गोळा करायला गेले होते आणि कवळ्यांना पॉलिश करणारे काका खुर्चीत मान टाकून झोपले होते. काकांना एका कानाने ऐकू येत नसे. सुट्टीत ते दुसरा कान भिंतीला टेकवून झोपत, म्हणजे मग जग बुडालं तरी त्यांची हरकत नसे.

टॅबबरोबर एक घडी घातलेला कागद होता. तो तिच्या नवऱ्याने सकाळी डब्याबरोबर हातात दिला होता. नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करत असे, त्यामुळे अक्षर मोत्यासारखं आणि प्रत्येक पायरीला आकडा. एक, सेटिंग उघडणे. दोन, खाती. तीन, बेबीच्या नावावर बोट टेकवणे. चार, 'या उपकरणावरून खातं काढा'. पण या सगळ्याच्या वर, पहिल्याच ओळीत, त्याने बेबीचा फोन नंबर लिहून ठेवला होता. जणू ताईला तो पाठ नव्हता.

ताईने कागदाची वरची पट्टी मागे दुमडली. नंबर दिसेनासा झाला. मग ती पायऱ्या वाचत पुढे गेली.

बेबी म्हणजे तिची धाकटी बहीण. सेहेचाळीस वर्षांची झाली तरी घरात तिचं नाव बेबीच राहिलं होतं, आणि आई गेल्यापासून त्या नावाने हाक मारणारं ताईशिवाय कुणी उरलं नव्हतं. ताईनेही ती हाक गेल्या साडेचार वर्षांत मारली नव्हती.

टॅब आईसाठी घेतलेला होता. आई आजारी पडली आणि ताईकडे राहायला आली तेव्हा बेबी आठवडाभर येऊन राहिली होती. नात कशी मोठी होतेय ते आजीला अंथरुणात पडल्या पडल्या बघता यावं म्हणून तिने आपलं फोटोंचं खातं त्यात उघडून दिलं. बेबीने आपल्या गावी फोनवर फोटो काढला की तो इकडे आईच्या मांडीवर उमटायचा. आईला त्याचं भारी नवल. "अगं, ठमीने वेण्या घातल्या," असं ती स्वयंपाकघरातल्या ताईला ओरडून सांगायची, आणि ताई हातातलं टाकून बघायला यायची.

त्यानंतर आईचं दोनदा खूप बिघडलं. दोन्ही वेळा ताईने फोन केला, दोन्ही वेळा बेबी रजा टाकून, ठमीला शेजाऱ्यांकडे ठेवून धावत आली. आणि दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी आई उठून बसली आणि चहा मागू लागली. दुसऱ्या खेपेला परत जाताना बेबी रिक्षात बसता बसता म्हणाली, "ताई, खरंच काही असेल तेव्हाच फोन करत जा गं. माझी फार ओढाताण होते." बोलणं रागाचं नव्हतं, थकव्याचं होतं. पण ताईने ते जपून ठेवलं. तिसऱ्यांदा आईला धाप लागली त्या संध्याकाळी तिने फोन हातात घेतला आणि परत ठेवला. सकाळपर्यंत बघू, म्हणाली. सकाळी फोन केला तेव्हा सांगायला एकच गोष्ट उरली होती.

बेबी आली, दारात चपला काढताना म्हणाली, "एक फोन, ताई. एवढंच करायचं होतंस."

त्या वेळी ताईने नुसती मान खाली घातली असती तरी निभावलं असतं. पण ती दोन रात्रींची जागी होती, आणि तोंडातून निघून गेलं, "तूच म्हणाली होतीस, उगाच बोलावू नकोस म्हणून."

बेबीने चपला परत घातल्या नाहीत, भांडली नाही. चार दिवस राहिली, आल्यागेल्याला पाणी दिलं, आईचे कपडे घड्या करून ठेवले. पाचव्या दिवशी गेली. त्यानंतर ताईने दोनदा केलेला फोन तिने उचलला नाही, आणि तिसरा ताईने केला नाही.

वर्षभराच्या आत, एकदा कपाट आवरताना ताईला टॅब सापडला. कुणाला तरी देऊन टाकावा म्हणून तिने तो चार्जिंगला लावला. पडदा उजळला आणि त्यावर एक स्वयंपाकघर आलं. ताईच्या ओळखीचं नव्हतं. अर्धी भिंत पिवळी, अर्धी पांढरी, ओट्यावर वर्तमानपत्रं पसरलेली आणि स्टुलावर चढून ब्रश हातात घेतलेली ठमी. फोटो त्याच दिवसाचा होता.

टॅब तिने कुणाला दिला नाही. घरात ठेवला असता तर नवऱ्याने विचारलं असतं, म्हणून तिने तो कामावर नेला आणि खणात ठेवला. जेवणाची सुट्टी सव्वा वाजता होई. डबा उघडायच्या आधी ती तो उघडे.

बेबीला फोटो काढायची अक्कल कधीच नव्हती. समारंभाचे, सहलीचे फोटो थोडे, आणि बाकी सगळं भलतंच. चिरलेल्या टोमॅटोंची ताटली. खिडकीचा नवा निळा पडदा. बाल्कनीच्या कठड्यावर टाकलेले स्वतःचे पाय. ओट्याच्या कोपऱ्यात टवका उडालेली फरशी. ताई नाक मुरडायची आणि बोटांनी चित्र मोठं करून करून बघायची. तिला त्या घरातलं दिव्याचं बटण कुठे आहे ते ठाऊक झालं. बेबीने चष्मा कधी बदलला, केस कधी रंगवायचे सोडले, तेही. ठमीच्या दातांना तारा बसवल्या तेव्हा तर तिचा जीव वरखाली झाला. मागच्या दाढेपाशी तारेचं टोक बाहेर आलेलं तिला फोटोत स्पष्ट दिसत होतं. पोरीचा गाल आतून सोलवटून निघत असणार. बावीस वर्षं दातांची कामं करणारी मावशी असून पोरीला कुणी सांगायला नाही. त्या आठवड्यात तिने तीनदा नंबर लावला आणि तीनदा घंटी वाजायच्या आत तोडला. फोन करून सांगणार काय? तुला कसं कळलं म्हणाली, तर?

म्हणजे बघत राहणं जमत होतं, पण बघितलेलं बोलता येत नव्हतं. चोराने चोरलेला दागिना घालून मिरवावा कसा, तशी गत.

तीन आठवड्यांपूर्वी एका फोटोत कागद आला. तपासणीचा अहवाल होता, टेबलावर सरळ ठेवून, वरून, चारही कोपरे दिसतील असा काढलेला. बेबीने आयुष्यात इतका नीट फोटो काढला नव्हता. ताईने तो मोठा केला. डावा स्तन. गाठ. तिचा आकार मिलिमीटरमध्ये. पुढे दोन ओळी न कळणाऱ्या शब्दांच्या होत्या, त्या तिने तीनदा वाचल्या. त्या दिवशी तिने डबा तसाच परत नेला.

ताई चेहरे वाचणारी बाई होती. तोंडाचा साचा हातात घेतला की माणूस कुठल्या बाजूने चावतो, झोपेत दात खातो का, हे ती सांगायची. मागचे फोटो तिने पुन्हा एकेक करून काढले, आणि तिला दिसलं, की बेबीचे गाल दोन महिन्यांपासून बसत चालले होते. रोज बघत होती आणि तरी दिसलं नव्हतं.

मग एका फोटोत हॉस्पिटलच्या बोळातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. मग पलंगावर भरून ठेवलेली एक बॅग, वर टॉवेल. आणि मग काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आठ दिवस ताई रोज सव्वा वाजता टॅब उघडत होती आणि रोज तीच बॅग, तोच टॉवेल.

नवव्या दिवशी, म्हणजे काल संध्याकाळी, तिने नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. तो मुद्रितं घेऊन बसला होता. ऐकता ऐकता त्याने पेनाला टोपण लावलं.

"किती दिवस चाललंय हे?"

"झाली असतील चार वर्षं."

"चार वर्षं तू तिच्या घरात बघतेस आणि तिला माहीत नाही?"

"बहीण आहे माझी."

"मग दारातून जा ना. खिडकीतून काय बघतेस?" तो आवाज न चढवता म्हणाला. मग पेन बाजूला ठेवून, "अगं, तिला गाठ झालीय. आता तरी फोन कर."

"काय सांगू? कसं कळलं म्हणून?"

"खरं ते सांग."

ताई पसरलेली मुद्रितं गोळा करू लागली.

"बरं, तेही जमत नसेल तर ते बंद तरी कर," तो म्हणाला. "पण दोन्हीपैकी एक कर. हे असं मधेच लोंबकळत राहणं काही खरं नाही."

रात्रभर विचार करून ताईने स्वतःची समजूत घातली, ती अशी: आधी ते बंद करू. एकदा बंद केलं की आपण काही बघितलंच नाही. मग चार दिवस जाऊ द्यायचे आणि सहज म्हणून फोन करायचा, कशी आहेस विचारायला. मग ती आपण होऊन सांगेल. हिशेब सरळ वाटत होता. सकाळी नवऱ्याने कागद हातात दिला तेव्हा त्यावरच्या दोन वाटांपैकी कुठली घ्यायची, हे तिचं ठरून गेलं होतं.

पडद्यावर आता शेवटचा प्रश्न आला होता. 'हे खातं या उपकरणावरून काढायचं? या खात्यातले फोटो यापुढे इथे दिसणार नाहीत.' खाली दोन शब्द, 'रद्द करा' आणि 'काढून टाका'. ताईने ते दोनदा वाचलं, डॉक्टरांची चिठ्ठी वाचायची तसं, ओळीखाली नख फिरवत. एकदा मागे जाऊन बॅगेचा तो फोटो पाहावासा वाटला. पाहिला नाही. 'काढून टाका'वर बोट टेकवलं.

एक छोटं चाक फिरलं आणि पडदा कोरा झाला.

सुटल्यासारखं वाटेल असं तिला वाटलं होतं. तिने टॅब खणात ठेवला, डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि झाकण लावलं. काका जागे झाले, चष्मा शोधू लागले.

"जेवला नाहीत का आज?" त्यांनी मोठ्याने विचारलं. त्यांना वाटायचं, सगळ्यांनाच कमी ऐकू येतं.

"भूक नाही."

"काय?"

"जेवले म्हटलं."

काका पॉलिशच्या चक्रावर बसले आणि घरघर सुरू झाली. ताईने दिवा पेटवला, मेणाचं पातं ज्योतीवर धरलं आणि सातवा दात चिमट्यात उचलला. तो मेणात टेकवणार तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. तिने तिरक्या नजरेने पाहिलं. साडेचार वर्षांत त्या नंबरावरून काही आलं नव्हतं, तरी नाव अजून तेच होतं. बेबी.

'टॅब बिघडला का?'

एवढंच होतं.

ताईने ते वाचलं. पातं ज्योतीत राहून लाल झालं होतं, ते तिने खाली ठेवलं, दात परत पट्टीवर ठेवला आणि दिवा फुंकून विझवला. ही सगळी कामं तिने अगदी सावकाश केली. मग ती फोन घेऊन मागच्या दाराने बाहेर गेली. तिथे एका बाजूला गॅसच्या टाक्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला जुन्या साच्यांचा ढीग, कुणाकुणाचे प्लास्टरचे जबडे एकमेकांवर पडलेले. ती पायरीवर उभी राहिली आणि तिने नंबर लावला. या वेळी तोडला नाही.

"हं," पलीकडून आवाज आला.

"बेबी."

"हं, बोल."

आवाज तोच होता, जरा दमल्यासारखा. मागे कुठेतरी पाणी उकळत होतं.

"टॅब बिघडला नाही," ताई म्हणाली. "मीच काढलं ते."

"अच्छा," बेबी म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "मला मेसेज आला, एका ठिकाणचं खातं काढलं म्हणून. मला वाटलं, जुना झालाय, बंद पडला असेल."

"तुला माहीत होतं?"

"यादी असते ना त्यात, ताई. आपलं खातं कुठे कुठे चालू आहे त्याची. कधी उघडलं तेही येतं."

ताईला पायरीवर बसावंसं वाटलं, पण पायरी प्लास्टरच्या भुकटीने पांढरी झालेली होती. ती उभीच राहिली.

"पहिल्यापासून?"

"भिंतीला रंग देत होतो आम्ही. त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. आधी मला वाटलं, भाऊजींनी चालू केला असेल. मग रोज यायला लागलं. रोज सव्वा वाजता, रविवार सोडून. म्हटलं, ही ताईच. कामावर बसून बघतेय."

ताईच्या कानशिलापर्यंत ऊन चढल्यासारखं झालं. चार वर्षं जी गोष्ट तिने खणाच्या तळाशी दडवली होती, ती रोज तिकडे वेळेसकट नोंदली जात होती.

"काढून टाकायचंस मग," ती म्हणाली. "तुला काढता आलं असतं ना तिकडून?"

"आलं असतं."

पाणी उकळायचा आवाज थांबला. बेबीने बहुधा हात लांबवून बटण बंद केलं.

"मागच्या वर्षी अकरा दिवस नव्हतीस तू," ती म्हणाली. "उघडलंच नाहीस."

"न्यूमोनिया झाला होता."

"ॲडमिट केलं होतं?"

"सहा दिवस."

"मी रोज बघत होते. दुपारी दीडला बघायचे, नाही. परत तीनला बघायचे. बाराव्या दिवशी उघडलंस, तेव्हा..." तिने वाक्य तसंच सोडलं.

"फोन करायचास गं," ताई म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला कळलं, की हे बोलायचा अधिकार आपल्याला नाही. आतून चक्राची घरघर येत होती, काका कुणाचे तरी दात घासत होते.

"पडद्याचा फोटो कोण काढतं, ताई?" जरा वेळाने बेबीच म्हणाली. "आणि टवका उडालेल्या फरशीचा? ठमी हसायची मला. म्हणायची, आई, तुला वेड लागलंय का?"

ताईने डोळ्यांना एप्रनचं टोक लावलं. टोकाला मेण होतं. ते पापणीला चिकटलं आणि तिला ते नखाने काढत बसावं लागलं.

म्हणजे तो कागदही. टेबलावर सरळ ठेवून, चारही कोपरे दिसतील असा. त्या बोळातल्या खुर्च्या, ती बॅग. ताईने बघितलं, हेही तिकडे दिसलं असेल. त्या दिवशी सव्वा वाजता, आणि दुसऱ्या दिवशी, आणि त्यानंतरचे सगळे दिवस. बेबी फोन जवळ घेऊन बसली असेल. यादीत रोज एक वेळ येत होती आणि फोन मात्र येत नव्हता.

आणि आज, एवढं सगळं झाल्यावर, यादीतून तेवढं एक नाव गेलं.

"ऑपरेशन कधी आहे?" ताईने विचारलं.

"झालं. मागच्या गुरुवारी."

ताईने हात लांब करून गॅसच्या टाकीला धरलं. लोखंड उन्हाने तापलेलं होतं, तरी तिने हात काढला नाही.

"बरी आहेस ना?"

"आहे. टाके आहेत अजून. हात वर होत नाही. रिपोर्ट यायचाय."

"कोण होतं जवळ?"

"हे जहाजावरच आहेत. पंचवीस तारखेला उतरतील. खालच्या मजल्यावरच्या बाई होत्या, त्यांनीच सह्या केल्या. चांगल्या आहेत गं फार. आणि ठमी होती."

"ठमी कुठे होती?"

"बाहेर. खुर्चीत."

"एकटीच?"

"बाईंना मध्ये घरी जावं लागलं. त्यांच्याकडे लहान मूल आहे ना. तीनेक तास बसली असेल एकटी. भूगोलाचं पुस्तक नेलं होतं तिने." बेबी जराशी हसली. "मी बाहेर आले तेव्हा पुस्तक उलटं धरलेलं होतं म्हणे. नर्सने सांगितलं."

ताईला खुर्च्या दिसत होत्या. हिरव्या, भिंतीला स्क्रूने ठोकलेल्या, एकीचा हात तुटलेला. त्यातल्या कुठल्या खुर्चीत पोरगी बसली असेल, एवढंच तिला ठाऊक नव्हतं. गुरुवारी आपण काय करत होतो, ते ती आठवू लागली. एका निवृत्त न्यायाधीशांची कवळी परत आली होती. 'स' म्हणताना शिट्टी वाजते अशी तक्रार होती. सगळे हसले होते, तीही हसली होती. दुपारभर बसून तिने त्यांची शिट्टी काढून दिली होती.

"मीच फोन करायला हवा होता," बेबी म्हणाली. आता तिचा आवाज बारीक झाला होता. "तोंडाने सांगायला हवं होतं. माझ्याकडून झालंच नाही, ताई. म्हटलं, मी फोन केला आणि तू म्हणालीस..." ती थांबली. "मी कळवायला हवं होतं."

"कळवलं होतंस तू," ताई म्हणाली.

पलीकडे ओट्यावर कप टेकल्याचा आवाज आला.

"मला कळलं होतं, बेबी. त्याच दिवशी कळलं होतं."

"हो," बेबी म्हणाली.

तिने रागाने म्हटलं असतं तर ताईला बरं वाटलं असतं. आत चक्र थांबलं. काकांनी दारातून डोकं बाहेर काढलं, ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते परत आत घेतलं. जरा वेळाने चक्र पुन्हा सुरू झालं, मघापेक्षा हळू.

"मी निघते," ताई म्हणाली. "आज संध्याकाळची गाडी मिळेल. उद्या सकाळी पोचेन."

"अगं, कशाला? आता तर..."

"पत्ता सांग."

एप्रनच्या खिशात मेणावर खुणा करायची पेन्सिल होती. कागद नव्हता. ताईने ढिगावरचा एक जुना साचा उचलला, त्याची सपाट बाजू हाताने पुसली आणि तो गॅसच्या टाकीवर टेकवला. ओट्याच्या कोणत्या कोपऱ्यातली फरशी फुटलीय ते तिला माहीत होतं, पण घर कुठल्या रस्त्यावर आहे ते माहीत नव्हतं.

तेवढ्यात पलीकडे दाराची कडी वाजली. दप्तर आपटल्याचा आवाज आला. परीक्षेचे दिवस असावेत, शाळा लवकर सुटली होती.

"आई, तू उठलीस कशाला? मी केला असता ना चहा." ठमीचा आवाज. ताईने तो साडेचार वर्षांत ऐकला नव्हता, फोटोंना आवाज नसतो. तो आता बाईमाणसाचा आवाज झाला होता. "कुणाचा फोन आहे?"

"मावशीचा आहे," बेबी म्हणाली.

"खालच्या मावशीचा? मग विचार ना, सूप न्यायला मी आत्ता खाली येऊ का. त्या म्हणाल्या होत्या, दोन वाजता ये म्हणून."

पलीकडे भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"आई? विचार ना."

"खालच्या नाही गं," बेबी म्हणाली, आणि पुढचं काय सांगावं ते शोधत अडखळली.

ताई पेन्सिल साच्यावर टेकवून, फोन कानाला घट्ट लावून उभी होती.